‘सनदी’ हे आडनाव आलं कुठून, आणि सनदी आहेत किती?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात तीन प्रश्न आहेत. तुमचं मूळ गाव चिकोडी तालुक्यातलं, आजोबा कामासाठी इचलकरंजीला गेले, तुम्ही आता पुण्यात. आडनाव सनदी. नवा माणूस भेटला की विचारतो, "तुम्ही मुसलमान का?" गावाशेजारी खरोखरच मुसलमान सनदी आहेत, पलीकडच्या गावात जैन सनदी आहेत, आणि तुमचं घर मराठा. आजी सांगायची, आपले पूर्वज सनई वाजवायचे. तर हे आडनाव पडलं कसं, हे सगळे सनदी एका मुळाचे का, आणि असे लोक एकूण किती, हे तुम्हाला हवं आहे.

मी बेळगावात तीसेक वर्षं मोडी कागद वाचतो आणि वंशावळी जुळवतो. कुणाला कोर्टाच्या दाव्यासाठी हवी असते, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी, तर कुणी बाप गेल्यावर घरातली पेटी उघडतो आणि आतले कागद घेऊन येतो. या कामात सनदी आडनावाची घरं मला बरीच भेटली. तेव्हा पहिलं उत्तर आधीच देऊन टाकतो: तुमचं आडनाव जमिनीवरून पडलं आहे. आपल्याकडं किणेकर, येळ्ळूरकर, काकतकर गावावरून झाले. तुमच्या आडनावाला गाव नाही, मूळ पुरुष नाही. त्याच्या मागे आहे एक कागद आणि त्या कागदावर मिळालेलं शेत. म्हणून शोध घ्यायचा तो त्या शेताच्या बांधावरून.

सनद हा शब्द मूळ अरबी. आधार, पुरावा असा त्याचा अर्थ. फारसी दप्तरातून तो मराठीत आला आणि कन्नडमध्येही. सरकारनं शिक्का मारून दिलेला हक्काचा कागद म्हणजे सनद. सरकार-सरकारी, तसं सनद-सनदी. आज आपण सनदी लेखापाल म्हणतो, सनदी अधिकारी म्हणतो, तो हाच शब्द. आपल्या मुलखात मात्र तो शेताला जोडला गेला आणि ‘शेतसनदी’ हे पद तयार झालं. रोख पगाराच्या जागी शेत, आणि शेताच्या बदल्यात चाकरी, असा तो व्यवहार.

कृष्णेच्या दक्षिणेला तुंगभद्रेपर्यंतच्या पट्ट्याला इंग्रज ‘दक्षिणी मराठा मुलूख’ म्हणत. या पट्ट्यावर आदिलशाही होती, मग मोगल आले, सावनूरचे नवाब, पेशवे, पटवर्धन, कोल्हापूरकर, कित्तूरचे देसाई. एकेका गावानं शंभर वर्षांत चार-चार धनी पाहिले. धनी कुणीही असो, गावात त्याला हत्यार बाळगणारी, विश्वासाची माणसं लागतच. गढीवर पहारा करायचा, वसूल गोळा होताना पाटील-कुलकर्ण्याबरोबर फिरायचं, खजिना पुढच्या ठाण्यापर्यंत सुखरूप न्यायचा, निरोप पोचवायचा, चोराला चावडीत आणून उभं करायचं. एवढ्यासाठी शेतसनदी नेमला जाई. त्याच्या जमिनीवर सारा माफ असे, किंवा ‘जोडी’ या नावाची हलकी रक्कम भरावी लागे. चाकरी चालू तोवर शेत त्याचं. चाकरी बंद पडली की त्यावर पुरता सारा बसायचा, नाहीतर शेत दुसऱ्याकडं जायचं.

१८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि पेशवाई बुडाली, तरी कंपनी सरकारनं शेतसनदी मोडले नाहीत. त्यांना पोलिस आणि वसुलीच्या कामाला लावलं. त्या वेळी बेळगाव धारवाडच्या कलेक्टरीत होतं, स्वतंत्र जिल्हा झाला १८३६ मध्ये. पुढं १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन बसलं आणि ज्यांच्याकडं साऱ्याची सूट होती त्यांना कागद दाखवा म्हणून विचारणा होऊ लागली. ज्यांचे कागद वाळवीनं खाल्ले होते, पुरात गेले होते, दुसऱ्याच्या घरी गहाण पडले होते, त्यांच्यावर काय वेळ आली असेल याचा विचार करा. मी काही घरांत बघितलं आहे, सनदेचा तुकडा देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवलेला असतो. घरातल्या कुणालाही त्यातलं अक्षर वाचता येत नाही, तरी दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागतं. कागदाला इतकं जपणाऱ्या घराला गाव सनदी म्हणू लागलं, हे मला अगदी साहजिक वाटतं.

शेतसनदी कोण असतो हे बेळगाव जिल्ह्यात कुणाला समजावायचं असलं की मी एकच नाव घेतो: संगोळ्ळी रायण्णा. हा कित्तूर संस्थानचा शेतसनदी होता. बैलहोंगल तालुक्यातलं संगोळ्ळी हे त्याचं गाव. राणी चन्नम्माचा दत्तक कंपनीनं मानला नाही, ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण शेवटी कित्तूर पडलं. त्यानंतर सनदी जमिनी गेल्या, उरलेल्यांवर जबर सारा बसला. रायण्णानं गावोगावची माणसं गोळा करून लढा दिला. त्याचे साथीदार पुष्कळसे त्याच्यासारखेच जमीन गमावलेले होते. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. नंदगडच्या त्या वडाखाली मी जेव्हा जेव्हा उभा राहतो तेव्हा मनात हेच येतं, की आपण दप्तरात ‘शेतसनदी, जमीन इतके एकर, जोडी इतकी’ असं एका ओळीत वाचून पुढं जातो, आणि त्या ओळीतल्या शेतासाठी माणसं जीव द्यायला तयार होती. तुमच्या आडनावाच्या मागे ही गोष्ट आहे. तुम्ही रायण्णाच्या कुळातले नाही, तो कुरुबर समाजाचा. पण त्याची चाकरी आणि तुमच्या पूर्वजांची चाकरी एकाच जातीची होती, असं म्हणायला माझी हरकत नाही.

आता ‘मुसलमान का’ या प्रश्नाकडं येतो. शेतसनदी हे पद होतं, आणि पदाला जात नसते. बेरड, मराठा, कुरुबर, लिंगायत, जैन, मुसलमान, ज्या गावात जे लढवय्ये आणि भरवशाचे, ते तिथले शेतसनदी. आपल्या भागात अशी आडनावं पुष्कळ आहेत, तुम्ही ओळखीतच आठवून बघा: जमादार, इनामदार, किल्लेदार, हवालदार, मोकाशी, नाईकवडी, देसाई. यातलं एकही आडनाव ऐकून समोरच्याचा धर्म सांगता येत नाही. कन्नड कवी बी. ए. सनदी (१९३३-२०१९) आपल्या बेळगाव जिल्ह्यातले आणि मुसलमान, त्यामुळं वाचणाऱ्या लोकांच्या मनात हे आडनाव त्यांच्याशी जोडलं गेलं असेल. तुम्हाला कुणी विचारलं तर बिचकू नका. आडनाव एकच, घरं वेगळी, एवढं सांगितलं तरी पुरे. शेजारच्या गावातले मुसलमान सनदी आणि तुम्ही रक्तानं एक असाल असं मला वाटत नाही, पण तुमच्या पणजोबांच्या आज्यानं आणि त्यांच्या पूर्वजानं एकाच खजिन्याच्या गाडीमागून भाले घेऊन चालत वाट काढली असेल, हे अगदी शक्य आहे.

आजीच्या सनईचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. कन्नडमध्ये सनईला ‘सनादी’ म्हणतात. उच्चारात आणि लिपीत फरक एका कान्याचा. हा कान्याचा फरक कागदात कसा बुडतो ते बघा. इंग्रजीत दोन्ही शब्द एकाच स्पेलिंगनं लिहिले जातात. आधार कार्ड, बँक, मतदार यादी यांतलं नाव इंग्रजीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून परत मराठीत गेलं की सनदीचा सनादी होतो आणि सनादीचा सनदी. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नसतोच, पण काना असतो, आणि तो अक्षराच्या वळणातच मिसळून लिहितात. शाई उडालेल्या कागदावर तो काना आहे की लेखणीची ओढ आहे हे ठरवायला मला कधी कधी अर्धा दिवस लागला आहे. अशा वेळी तो एक शब्द डोळ्यांसमोर धरून बसू नये. त्याच कारकुनानं त्याच पानावर दुसरीकडं काना कसा काढलाय ते बघावं.

शिवाय देवळात सनई-चौघडा वाजवणाऱ्यालाही चाकरीपोटी जमीन असायची. म्हणजे ‘आमच्या घरी इनाम जमीन होती’ एवढ्यावरून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो इनाम कशाबद्दल होतं या रकान्यावरून. तिथं ‘शेतसनदी’ लिहिलंय की देवस्थानाकडची वाजंत्री, हे पाहायचं. वाजंत्री, भजंत्री अशी आडनावं वाजवणाऱ्या घरांची आपल्याकडं वेगळी आहेतच. तुमचं घर मराठा, घरात वाद्याची काही खूण नाही, लग्नात वाजवायला जाण्याची कुणाला आठवण नाही, असं असेल तर माझा कौल शेतसनदीकडं. आजीच्या कानावर शेजारणीचा कन्नड शब्द पडला असेल आणि तिनं त्याचा तसा अर्थ लावला असेल. तरीही कागद दिसेपर्यंत हा माझा कौलच समजा.

सगळे सनदी एका कुळाचे का, या प्रश्नावर मी स्वतः एकदा चुकलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत हुक्केरी तालुक्यातल्या दोन गावांतली दोन सनदी घरं माझ्याकडं आली. दोघेही मराठा, दोघांचं कुलदैवत जोतिबा, गावांमध्ये अंतर दोन कोसांचं. एका घरात चार पिढ्यांची नावं होती, दुसऱ्याकडं पाच. एक ‘येसू’ दोन्हीकडं होता. मी तो येसू एकच धरला आणि दोन्ही वंशावळी एका खोडाला जोडून दिल्या. वर्षभरानं दुसऱ्या गावी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. तिथं ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "ते पलीकडच्या गावचे सनदी तुमच्याकडं आले होते न्हवं? ते माझं माहेर." मी तिथंच गार पडलो. भाऊकीत सोयरीक होत नाही. एका सनदीच्या घरची लेक दुसऱ्या सनदीच्या घरी नांदत होती, म्हणजे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं की ही कुळं वेगळी. मग देवक विचारलं, तर तेही वेगळं निघालं. जी गोष्ट पहिल्या दिवशी विचारायची ती मी विचारली नव्हती. दोन्ही घरी जाऊन चूक सांगितली आणि कागद बदलून दिले. तेव्हापासून मी आधी सोयरीक विचारतो, मग देवक, मग कुलदैवत, आणि आडनाव सर्वांत शेवटी. कुलदैवतावर फार भार टाकू नये. जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा, चिंचलीची मायाक्का, मंगसुळीचा खंडोबा ही दैवतं आपल्याकडं सगळ्यांची आहेत. तेवढ्यावरून नातं जोडलं तर अर्धा जिल्हा भाऊकीत येईल.

हे आडनाव दुर्मीळ का, याचं उत्तरही इथंच आहे. जुन्या कागदात ‘रामा बिन येसू शेतसनदी’ असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मुसलमान असला तर बहुधा ‘वलद’ लिहितात, आणि बाईच्या नावापुढं ‘कोम’ आलं की ती अमक्याची बायको. तिथं शेतसनदी हे रामाचं काम आहे, आडनाव नव्हे. त्याच पानावर त्याचा सख्खा भाऊ नुसता ‘तुका बिन येसू’ असतो, कारण चाकरीवर नाव एकाचंच लागे. पुढं मुलं शाळेत घालायची वेळ आली आणि मास्तरांनी जनरल रजिस्टर पुढं ओढून आडनाव विचारलं. रामाच्या नातवानं सनदी सांगितलं. तुकाच्या नातवानं कुळाचं जाधव किंवा चव्हाण सांगितलं, किंवा गावाच्या नावाला कर लावून घेतला. म्हणजे एकाच चुलीची माणसं दोन आडनावांची झाली. तुमच्या गावात तुमच्या शेताला लागून शेत असलेलं, सुतक पाळणारं, पण सनदी नसलेलं एखादं घर आहे का बघा. असलं तर तुमची खरी भाऊकी तिथं आहे. काही घरांत पूर्ण ‘शेतसनदी’ हेच आडनाव राहिलं. काहींचं शेत गळून सनदी उरलं. कन्नड बोलणाऱ्या गावांत ‘सेतसनदी’ असंही ऐकू येतं.

आता संख्या. इथं तुम्हाला एक ठोस आकडा हवा असणार, पण जनगणना आडनावावर मोजत नाही. २०११ च्या जनगणनेनं बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ सांगितली, त्यात मराठी मातृभाषा सांगणारे जवळपास १९ टक्के. त्यात सनदी किती हे कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही. आडनावांची जगभरची संख्या सांगणारी संकेतस्थळं आहेत, पण ती इंग्रजी स्पेलिंगवर चालतात, म्हणजे सनदी आणि सनादी एकाच टोपलीत. त्या आकड्यावर काही उभं करू नका.

स्वतः मोजायचं असेल तर मतदार याद्या हा रस्ता आहे. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ, पलीकडं कोल्हापुरात १०. याद्या उघड असतात. कर्नाटकातल्या यादीत कन्नडमध्ये शोधताना शेवटची वेलांटी ऱ्हस्व ठेवा. आपण मराठीत दीर्घ लिहितो, कन्नडमध्ये ते ‘सनदि’ असं असतं, आणि तेवढ्यानं शोध रिकामा परत येतो. शेतसनदी, सेतसनदी, सनादी हे वेगळे शोधा आणि वेगळे लिहून ठेवा. माणसं मोजू नका, घरं मोजा. यादीत बाईचं नाव सासरच्या आडनावानं येतं, माहेरची गेलेली असते, त्यामुळं डोकी मोजली तर हिशेब फसतो. घर क्रमांक धरून उंबरे मोजले की चित्र बरंच खरं येतं. पुण्या-मुंबईला, गोव्याला, इचलकरंजीला गेलेली घरं यात सापडणार नाहीत. त्यासाठी प्रत्येक गावातल्या एखाद्या जाणत्याला विचारावं लागतं, आणि तो बोटांवर मोजून बरोबर सांगतो.

मला भेटलेली घरं कुठली, एवढं सांगू शकतो. बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर, आणि सीमेपलीकडचे गडहिंग्लज, कागल, हातकणंगले. एका गावात दोन-चार उंबरे, क्वचित अख्खी गल्ली. कृष्णेचं खोरं सोडून उत्तरेला गेलं की मुळातला सनदी मला भेटलेला नाही, भेटला तो इथूनच गेलेला. शेतसनदीची व्यवस्था जिथं होती तिथंच हे आडनाव आहे, हा त्याचा नकाशा.

कागद शोधायला लागाल तर आधी एक गोष्ट नक्की करा: १९४७ साली तुमचं गाव कुणाचं होतं? आपल्याकडं खालसा, म्हणजे थेट इंग्रज सरकारच्या, गावाला लागून संस्थानी गाव आणि त्याला लागून जहागिरीचं, अशी खिचडी होती. आजचा रायबाग भाग कोल्हापूर संस्थानात होता, बेळगावला चिकटलेलं शहापूर सांगलीकरांचं. चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात, त्याच दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि तो मुंबई राज्यात राहिला. गाव खालसा असेल तर बेळगाव-धारवाड-पुण्याची दप्तरं, कोल्हापूर संस्थानचं असेल तर कोल्हापूरचं पुरालेखागार. हे न बघता लोक वर्षभर चुकीच्या कचेरीत खेटे घालतात, आणि ‘रेकॉर्ड नाही’ असा शेरा घेऊन रडकुंडीला येऊन माझ्याकडं येतात.

खालसा गाव धरून सांगतो. सगळ्यांत अलीकडचा आणि सगळ्यांत सोपा कागद म्हणजे री-ग्रँटचा हुकूम. म्हैसूर सरकारनं १९६१ च्या कायद्यानं गावकामगारांची वतनं, म्हणजे चाकरीबद्दलचे पिढीजात हक्क, रद्द केली, कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून लागू झाला. चाकरीच्या जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि मग रक्कम भरून घेऊन वहिवाटदारांना परत दिल्या. त्या हुकमात गाव, सर्वे नंबर, वतनाचा प्रकार आणि घरातल्या हक्कदारांची नावं असतात. तहसीलदार कचेरीतून उतारा काढताना सोबत जुन्या वर्दीची नक्कल मागा, म्हणजे फेरफाराची नोंद. तिथून मागं गेलात की १८७४ च्या वतन कायद्याखालची प्रकरणं लागतात. चाकरीवर नाव कुणाचं लावायचं यावरून भावाभावांत तंटे व्हायचे, आणि तंटा मिटवायला प्रांतापुढं, म्हणजे प्रांत अधिकाऱ्यापुढं, वंशावळ दाखल करावी लागायची. त्या काळच्या भांडखोर चुलत्यांचे आपण उपकार मानले पाहिजेत. जिथं भांडण झालं तिथं सहा-सात पिढ्या लिहून मिळतात. जिथं सगळं गोडीगुलाबीनं चाललं तिथं कागदच नाही.

मोडीतल्या तारखांबद्दल एक सूचना देऊन ठेवतो, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. जुन्या कागदावर फसली, म्हणजे महसुली, साल असेल तर इसवी सनासाठी ५९० किंवा ५९१ मिळवायचे, अरबी म्हणजे शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. फसली १२२८ म्हणजे १८१८-१९. एकाच्या जागी दुसरं धरलं की नऊ-दहा वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात बापाचा मुलगा होऊन बसतो.

आणि हेळवी. हे नाव तुम्हाला पुण्यात कुणी सांगणार नाही म्हणून मुद्दाम सांगतो. सुगी झाली की बैल घेऊन हेळवी गावात येतो, पहाटे दारात उभा राहून त्या घराची वंशावळ म्हणतो. मूळ पुरुष कुठून आला, कुणाला किती मुलगे, कुणाचं खुंटलं, कुणी गाव सोडलं. घरचे त्याला धान्य देतात, बरी ऐपत असली तर कपडा देतात, आणि नवीन जन्मलेल्या मुलांची नावं सांगतात. ती नावं त्याच्या वहीत चढतात. ठरलेली घरं बापाकडून मुलाकडं जातात, त्यामुळं तुमच्या घराचा हेळवी एकच. मी कागदातली वंशावळ आणि हेळव्याची वंशावळ किती वेळा शेजारी ठेवून बघितली आहे. वरच्या दोन-तीन पिढ्यांत गोष्टी मिसळतात, पण त्याखाली तो क्वचितच चुकतो. नांदायला गेलेल्या मुलींचीही गावं त्याला ठाऊक असतात, जी कुठल्याच सरकारी दप्तरात मिळत नाहीत. तुमचे आजोबा इचलकरंजीला गेल्यावर तुमच्या शाखेची नावं चढायची थांबली असतील. गावातल्या चुलत घराला निरोप देऊन ठेवा, की यंदा हेळवी आला की मला फोन करा. त्याच्यासमोर बसा, पोरांची नावं सांगा, आणि तो म्हणेल ते सगळं मोबाईलवर टिपून घ्या. पंढरपूरच्या किंवा नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांकडंही गावानुसार वह्या असतात, पण तिथं तुमच्या घरचं कुणी जाऊन आलं असलं तरच नाव मिळतं.

यातलं पहिलं काम पैसा न लागणारं आहे, आणि ते याच महिन्यात करा. आजीच्या पिढीतलं जे कुणी गावात आहे त्यांना विचारा, आपल्या त्या जुन्या शेताला गाव काय म्हणतं. मराठी बोलणारा ‘सनदीची पट्टी’ म्हणेल, कन्नड बोलणारा ‘सनदी होल’ म्हणेल. होल म्हणजे शेत. शेत विकलं गेलेलं असलं, दुसऱ्याच्या नावावर असलं तरी नाव तेच चालत असतं. ते नाव, शेजारच्या शेतांची नावं आणि सापडला तर सर्वे नंबर, एवढं कागदावर उतरवून आणा. सोबत पेटीतले मोडी कागद असतील ते घड्या न मोडता जसे आहेत तसेच आणा, चिकटपट्टी लावू नका. पुढचं आपण मिळून वाचू.